अर्क उंदरावर चालला, पण तो माणसाच्या पोटात कसा जाणार?

खलबत्ता

नमस्कार. मी औषधनिर्मितीच्या ‘फॉर्म्युलेशन’ विभागात बरीच वर्षे काम करतो. हाती आलेला रेणू किंवा अर्क माणसाला घेता येईल अशा रूपात, म्हणजे गोळी, कॅप्सूल, सिरप, मलम किंवा इंजेक्शन अशा रूपात बसवणे हे आमचे काम. त्या निमित्ताने औषधी वनस्पतींवरचे प्रबंध आणि शोधनिबंध सतत वाचनात येतात. त्यांतल्या बऱ्याचशा कामांबद्दल माझी एकच तक्रार आहे आणि तीच मांडण्यासाठी हा धागा काढला आहे.

या प्रबंधांचा साचा ठरलेला असतो. वनस्पती सावलीत वाळवायची, भुकटी करून सॉक्सलेट या अर्क काढण्याच्या उपकरणात इथेनॉलने अर्क काढायचा, स्ट्रेप्टोझोटोसिन टोचून मधुमेही केलेल्या उंदरांना तो किलोमागे २०० आणि ४०० मिलिग्रॅम या मात्रेत पाजायचा. साखर उतरते, आलेखातल्या स्तंभांवर ‘फरक योगायोगाचा नाही’ असे सांगणाऱ्या तारका बसतात आणि शेवटच्या परिच्छेदात ‘या वनस्पतीपासून भविष्यात प्रभावी औषध विकसित होऊ शकेल’ हे वाक्य हमखास येते.

ते वाक्य लिहिण्याआधी दोन ओळींचे गणित करायला काय हरकत आहे? रॅट जातीच्या उंदराची मात्रा माणसासाठी बदलताना शरीराच्या पृष्ठफळाचा आधार घेऊन ती ६.२ ने भागण्याची रीत आहे. ४०० भागिले ६.२ म्हणजे किलोमागे सुमारे ६५ मिलिग्रॅम, आणि साठ किलोच्या माणसासाठी दिवसाला जवळजवळ ३.९ ग्रॅम अर्क. शून्य क्रमांकाच्या कॅप्सूलमध्ये अशी भुकटी ढोबळमानाने अर्धा ग्रॅम मावते. म्हणजे दिवसाला आठ कॅप्सूल, त्याही निव्वळ अर्काच्या. अर्क ओला होऊन चिकटू नये, यंत्रातून नीट वाहावा म्हणून जे पूरक पदार्थ घालावे लागतात त्यांना जागा दिली की हा आकडा दहा-बाराच्या पुढे जातो. अर्काचा उतारा दहा टक्के धरला तर रोज एका माणसामागे ३९ ग्रॅम वाळलेली वनस्पती लागणार, हे वेगळेच. ज्यांना हे किरकोळ वाटते त्यांनी रिकाम्या कॅप्सूल भरून महिनाभर रोज बारा गिळून पाहाव्यात.

या बाबतीत कॅम्प्टोथेसिनचा इतिहास प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात सांगायला हवा. मूळचे नंदुरबारचे आणि मुंबई विद्यापीठात शिकलेले मनसुख वाणी आणि त्यांचे सहकारी मनरो वॉल यांनी अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलायनात एका चिनी वृक्षापासून हा रेणू वेगळा केला आणि १९६६ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. रक्ताचा कर्करोग झालेल्या उंदरांवर त्याचा परिणाम फारच चांगला दिसला होता. अडचण एवढीच की तो पाण्यात विरघळत नव्हता. म्हणून त्याचा सोडियम क्षार बनवण्यात आला. क्षार पाण्यात सहज विरघळला, शिरेतून देता आला आणि रुग्णांवरच्या चाचण्या सुरू झाल्या. मात्र क्षार बनवताना रेणूतले लॅक्टोन नावाचे अणूंचे कडे उघडत होते, आणि कर्करोगाच्या पेशींवर काम करायला नेमके तेच कडे बंद असावे लागते. उघड्या कड्याचा रेणू रक्तात निष्प्रभ फिरत राही आणि लघवीच्या आम्लतेत कडे पुन्हा मिटले की मूत्राशयाच्या अस्तराला इजा करी. गुण थोडा आणि लघवीतून रक्त, अशा अवस्थेत १९७२ साली चाचण्या थांबल्या. १९८५ साली हा रेणू टोपोआयसोमरेज या विकराला (एन्झाइमला) अडवतो हे कळले म्हणून त्याच्याकडे पुन्हा लक्ष गेले आणि कडे शाबूत ठेवूनही पाण्यात विरघळणारी त्याची दोन भावंडे, टोपोटेकन आणि इरिनोटेकन, १९९६ साली अमेरिकेत वापरासाठी मंजूर झाली. शोधापासून वापरापर्यंतच्या तीस वर्षांत ‘हे विरघळवायचे कशात?’ या प्रश्नाचा वाटा किती मोठा होता, हे यावरून लक्षात यावे.

माझे म्हणणे एवढेच आहे की हा प्रश्न प्रबंधाच्या शेवटी ‘पुढील संशोधनाची दिशा’ या मथळ्याखाली ढकलण्याचा नाही. उंदीर मागवण्याआधी तो विचारला पाहिजे. आपले अनुभव आणि मतभेद दोन्ही वाचायला आवडतील.


पानाफुलांत

लेख आवडला, पण माझ्या मते आपण दुसऱ्या पायरीपासून सुरुवात केली आहे. पहिली पायरी म्हणजे पिशवीत नक्की काय आहे, हे ठरवणे. मी वनस्पतिशास्त्राची आहे आणि ओळख पटवण्यासाठी माझ्याकडे येणाऱ्या नमुन्यांपैकी काहींच्या सोबत केवळ एक शब्द लिहिलेला असतो : ‘ब्राह्मी’. कोणती? बाकोपा मोनिएरी हीही ब्राह्मी आणि सेंटेला एशियाटिका, म्हणजे मंडूकपर्णी, हिलाही कित्येक जण ब्राह्मीच म्हणतात. दोन्ही ओलसर जागी पसरतात, दोन्ही बुद्धिवर्धक म्हणून सांगितल्या जातात, पण पहिलीत बॅकोसाइड्स असतात आणि दुसरीत एशियाटिकोसाइड. दोघींची कुळेही वेगळी आहेत. अशोकाच्या सालीचेही तेच. शोभेसाठी लावतात त्या उंच, सरळसोट पॉलिआल्थियाची साल अशोकाची म्हणून सर्रास खपते आणि वाळून तुकडे झाल्यावर नुसत्या डोळ्यांनी फरक करणे अवघड होते.

हा केवळ नावांचा घोळ आहे असे ज्यांना वाटते त्यांनी बेल्जियमचे प्रकरण आठवावे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समध्ये वजन उतरवण्यासाठी दिलेल्या कॅप्सूलमध्ये स्टेफानिया टेट्रान्ड्रा ही वनस्पती असायला हवी होती. चिनी भाषेत तिचे नाव आणि ॲरिस्टोलोकिया फांगची या दुसऱ्या वनस्पतीचे नाव जवळजवळ सारखे असल्याने भलतीच मुळी भरली गेली. ॲरिस्टोलोकिक आम्लाने सुमारे शंभर स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि त्यांतल्या अनेकींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. त्या कॅप्सूल घडणीच्या दृष्टीने कदाचित निर्दोषही असतील. आत भलतेच होते.

म्हणून माझा आग्रह असा की संशोधनासाठी गोळा केलेल्या प्रत्येक वनस्पतीची फुलाफळांसह दाबून वाळवलेली एक प्रत हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयात, क्रमांकासह ठेवलेली असावी आणि तो क्रमांक प्रबंधात छापलेला असावा. वीस वर्षांनी कोणाला शंका आली तर त्याला कपाट उघडून तो कागद पाहता येतो. भुकटी विकत आणून केलेल्या कामाला ही सोय नाही.

जाता जाता : आपण उल्लेख केलेले कॅम्प्टोथेसिन सह्याद्रीतल्या नरक्या या लहान वृक्षातही भरपूर असते आणि त्यापायी तो बेसुमार तोडला गेला आहे. रेणू मौल्यवान ठरला की झाडाचे काय होते, हाही या विषयाचाच भाग आहे.


शंकेखोर

मला मूळ प्रश्नच वेगळा दिसतो. अर्क हवा कशाला? गुणकारी रेणू शोधा, शुद्ध करा, आणि मग तो वनस्पतीतून आला की भट्टीतून याला काही महत्त्व उरत नाही. मॉर्फिन, क्विनिन, डिगॉक्सिन हे सगळे असेच आले.

शिवाय काचेच्या तबकडीतल्या निष्कर्षांवर आपण काहीच लिहिले नाही. ‘मिलिलीटरमागे ५० मायक्रोग्रॅम अर्काने कर्करोगाच्या पेशी मेल्या’ असे वाक्य आले की मी लगेच गुणाकार करतो. माणसाच्या शरीरात पाच लिटर रक्त धरले तर तेवढ्या तीव्रतेसाठी २५० मिलिग्रॅम अर्क, न पचता, यकृताच्या तावडीतून सुटून, एकाच वेळी रक्तात हजर असायला हवा. तोंडाने घेतलेल्या अर्काच्या बाबतीत हे होत नाही. तबकडीत मात्र तो डायमिथिल सल्फॉक्साइडमध्ये विरघळवून थेट पेशींच्या अंगावर ओतलेला असतो, आणि एवढ्या तीव्रतेला पेशी मारणारे पदार्थ पैशाला पासरी मिळतात.

कर्क्युमिन हे याचे ठळक उदाहरण. त्यावर हजारो शोधनिबंध आहेत. पण १९९७ साली मोजून दाखवले गेले की ३७ अंश तापमानाला आणि शरीराइतक्या सामूला, साध्या बफरमध्ये, अर्ध्या तासात त्यातले सुमारे नव्वद टक्के विघटित होते. शिवाय हा रेणू चाचण्यांनाच फसवतो. तो प्रथिनांना असाच चिकटतो, स्वतः चमकतो, धातूंना धरून ठेवतो, आणि त्यामुळे वेगवेगळ्या चाचण्यांत ‘परिणामकारक’ दिसतो. २०१७ साली औषधरसायनाच्या अंगाने झालेल्या एका सविस्तर समीक्षेने हे सारे एकत्र मांडले तेव्हा पुष्कळांना राग आला होता. मला आला नाही.


कषाय

मी आयुर्वेदाचा पदवीधर आहे आणि चिकित्सा करतो, त्यामुळे या चर्चेत माझा पक्ष उघड आहे. तरीही दोन मुद्दे शांतपणे मांडतो.

पहिला मुद्दा असा की ज्यांवर आपण टीका करत आहात त्या प्रबंधांत वनस्पतीचे नाव परंपरेतून उचललेले असते, पण कृती मात्र टाकून दिलेली असते. ग्रंथात एखादे द्रव्य तुपात सिद्ध करायला सांगितले असेल, एखाद्याला दुसऱ्या रसाच्या सात भावना द्यायला, म्हणजे त्या रसात सात वेळा खलून वाळवायला, सांगितले असेल, एखादे आसवाच्या रूपात आंबवून मुरवायला सांगितले असेल. संशोधक मात्र सगळ्यांना एकाच सॉक्सलेटमध्ये घालतो आणि गुण आला नाही की परंपरा खोटी ठरवतो. तुपात सिद्ध केलेले द्रव्य आणि पाण्यात उकळलेले द्रव्य यांतून शरीराला जे मिळते ते एकच नसते, हे सांगायला फार शास्त्र लागत नाही. फॉर्म्युलेशनचा प्रश्न आधी विचारा, असे खलबत्ता म्हणतात. आमच्याकडे तो विचारूनच कल्प, म्हणजे औषधाचे रूप, ठरलेला असतो.

दुसरा मुद्दा आर्टेमिसिनिनचा. हिवतापावर उपाय शोधण्याची चीनमधली मोहीम १९६७ साली सुरू झाली. थू यूयू यांच्या गटाला छिंगहाओ या वनस्पतीच्या अर्काचे निष्कर्ष कधी चांगले, कधी वाईट येत होते. त्यांनी चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या नोंदीत पुन्हा डोकावले. तिथे लिहिले होते की मूठभर छिंगहाओ पाण्यात भिजवावी, पिळून रस काढावा आणि प्यावा. उकळण्याचा उल्लेखच नव्हता. उष्णतेने गुण जात असावा, हा तर्क त्यातून निघाला. मग सुमारे ३५ अंशांनाच उकळणाऱ्या ईथरने अर्क काढला गेला, आणि ऑक्टोबर १९७१ मध्ये १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांमधल्या हिवतापाच्या परजीवींचा पूर्ण नायनाट केला. २०१५ चे नोबेल पारितोषिक ज्या कामाला मिळाले, त्याची किल्ली वनस्पतीच्या नावात नसून ती तयार करण्याच्या रीतीत होती. शंकेखोरांनी हे लक्षात घ्यावे.


शंकेखोर

घेतले. फक्त एवढेच जोडतो की नोंदीतून तर्क मिळाला, खात्री मिळाली ती उंदरांवर आणि नंतर रुग्णांवर मोजल्यामुळे. त्याच जुन्या ग्रंथांतून गोळा केलेल्या शेकडो कृती त्याच मोहिमेत तपासून बाजूला पडल्या, त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही.


खलबत्ता

कषाय यांचा पहिला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि तो माझ्या लेखात यायला हवा होता. तेलात किंवा तुपात विरघळणारे घटक स्निग्ध माध्यमातून दिले तर आतड्यात पित्ताच्या मदतीने त्यांचे सूक्ष्म थेंब बनतात आणि शोषण सुधारते. आज आम्ही लिपिडवर आधारित कॅप्सूल, फॉस्फोलिपिड या मेदद्रव्याशी बांधलेले अर्क किंवा स्वतःहून इमल्शन बनणारी मिश्रणे करतो ती याच तत्त्वावर. माझा आक्षेप वेगळा आहे : ‘तुपात सिद्ध केले म्हणून शोषण वाढते’ हे गृहीत धरायचे नाही, रक्तात मोजायचे. मोजण्याची सोय आज आहे, आणि परंपरेच्या बाजूने उभे राहणाऱ्यांनी तरी तिचा सर्वांत आधी उपयोग करायला हवा.

शंकेखोर म्हणतात की शुद्ध रेणू मिळाला की प्रश्न सुटला. सुटत नाही. डिगॉक्सिन हे नाव त्यांनीच घेतले म्हणून त्याचेच उदाहरण देतो. ज्या वनस्पतीतून ते मिळते त्या डिजिटॅलिसच्या पानांची भुकटी वापरत असत तेव्हा प्रत्येक घाण्याची (एका वेळी बनवलेल्या मालाची) ताकद वेगळी निघे आणि ती बेडकांवर, मांजरांवर किंवा कबुतरांवर तपासून ठरवावी लागे. शुद्ध डिगॉक्सिन आले तेव्हा ही कटकट संपली असे सगळ्यांना वाटले. १९७१ साली वेगवेगळ्या उत्पादकांच्या डिगॉक्सिनच्या गोळ्या तपासल्या गेल्या, तर लेबलवर मात्रा एकच असूनही रक्तातल्या पातळीत सातपटीपर्यंत फरक आढळला. रेणू तोच, मिलिग्रॅम तेवढेच. गोळीतून तो किती सुटतो यात तफावत होती. ज्या औषधाची गुणकारी मात्रा आणि विषारी मात्रा यांच्यात फारच थोडे अंतर आहे, त्याच्या बाबतीत हा फरक जीवघेणा ठरू शकतो. गोळी पाण्यात ठरावीक वेळेत किती विरघळते हे पाहण्याच्या चाचणीवर आमच्या क्षेत्रात एवढा भर आहे, त्यामागे या आणि अशा अनुभवांचा मोठा हात आहे.

आर्टेमिसिनिनचेही पुढचे प्रकरण सांगण्यासारखे आहे. तो रेणू पाण्यात आणि तेलात, दोन्हींत नीट विरघळत नाही. म्हणून त्याची रूपे घडवली गेली : तेलात विरघळणारा आर्टेमीथर आणि पाण्यासाठी आर्टेसुनेट. पण आर्टेसुनेटचे द्रावण टिकत नाही. त्यामुळे गंभीर हिवतापाच्या रुग्णाला देण्यासाठी कुपीत कोरडी भुकटी असते, सोबत सोडियम बायकार्बोनेटची छोटी कुपी असते, परिचारिका दोन्ही एकत्र करून ते निवळेपर्यंत हलवते, आणि तासाभरात ते टोचावे लागते. इतक्या साध्या दिसणाऱ्या दोन कुप्यांच्या मागे किती काम आहे, याची कल्पना फार थोड्यांना असते.


वॉर्डातला फार्मासिस्ट

मी रुग्णालयातल्या औषध विभागात आहे. वर ज्यांची चर्चा झाली त्यांतली काही औषधे आम्ही रोज हाताळतो, म्हणून दुसऱ्या टोकाकडून लिहितो.

वाणी आणि वॉल यांचाच दुसरा रेणू म्हणजे पॅक्लिटॅक्सेल, हे कर्करोगावरचे औषध. पॅसिफिक यू या वृक्षाच्या सालीतून आलेला, १९७१ साली रचना उलगडलेला, पेशीतल्या सूक्ष्मनलिकांना घट्ट धरून ठेवतो हे १९७९ साली कळलेला, आणि १९९२ साली मान्यता मिळालेला. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे कुपीत तो क्रेमोफोर, म्हणजे प्रक्रिया केलेले एरंडेल, आणि इथेनॉल यांच्या मिश्रणात असतो. कुपी हातात धरून तिरपी केली की द्रव पाकासारखा संथ सरकतो. हे एरंडेलच काही रुग्णांमध्ये तीव्र ॲलर्जीची प्रतिक्रिया घडवते, म्हणून आधी स्टेरॉइड आणि ॲलर्जीरोधक औषधे द्यायची. तेच एरंडेल पीव्हीसीच्या पिशवीतून प्लास्टिक मऊ करणारे द्रव्य ओढून घेते, म्हणून पीव्हीसी नसलेली पिशवी आणि नळी घ्यायची. पातळ केल्यावर बारीक कण सुटण्याची शक्यता, म्हणून नळीत ०.२२ मायक्रॉनची गाळणी बसवायची. मग रुग्णाशेजारी तीन तास लक्ष ठेवायचे. २००५ साली अल्ब्युमिनच्या सुमारे १३० नॅनोमीटर कणांवर बांधलेले पॅक्लिटॅक्सेल आले. त्यात एरंडेल नाही, त्यामुळे बहुतेक वेळा आधीची औषधे लागत नाहीत आणि अर्ध्या तासात सलाइन संपते. रेणूत एका अणूचाही बदल नाही. खलबत्ता यांच्या मुद्द्याला याहून चांगला पुरावा माझ्याकडे नाही.

दुसरी गोष्ट थोडी काळजीची आहे. शोषण वाढवणे हे नेहमीच भले नसते. १९९८ सालच्या अभ्यासात २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिरीतले २० मिलिग्रॅम पायपरिन दिल्यावर माणसांच्या रक्तातले कर्क्युमिन वीसपट वाढलेले दिसले, आणि तेव्हापासून अनेक अर्कांमध्ये पायपरिन घालण्याची पद्धत पडली. पण पायपरिन हे काम यकृतातली आणि आतड्यातली विकरे, तसेच औषध बाहेर ढकलणारे पंप थोपवून करते. तीच विकरे आणि तेच पंप रुग्णाची इतर औषधेही हाताळत असतात. याच्या उलट, सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीतले हायपरफोरिन हीच विकरे वाढवते. २००० साली हृदयरोपण झालेल्या दोन रुग्णांमध्ये त्यामुळे रोपण केलेला अवयव शरीराने नाकारू नये म्हणून देतात त्या सायक्लोस्पोरिनची पातळी घसरली आणि शरीराने नवे हृदय नाकारायला सुरुवात केली. रुग्णांना ‘आणखी काही घेता का?’ असे विचारले तर ते नाही म्हणतात, कारण वनस्पतीची कॅप्सूल हे त्यांच्या लेखी औषधच नसते. मी आता ‘काढा, चूर्ण, अर्क, पावडर?’ असे एकेक नाव घेऊन विचारतो. मग पिशवीतून डब्या निघतात.


प्रयोगवही

मी पीएचडीची विद्यार्थिनी आहे आणि खलबत्ता यांनी वर्णन केलेल्या साच्यातच माझे काम सुरू झाले होते, हे आधीच कबूल करते. आता मात्र कॅप्सूलवर अडकले आहे. एका सालीचा जलीय-अल्कोहोली अर्क आहे, टॅनिनचे प्रमाण बरेच जास्त. कोरडा अर्क बरणीतून काढून वजन करेपर्यंत पत्र्याला चिकटतो आणि दुपारपर्यंत त्याचा गूळ होतो. कसाबसा सुटसुटीत करून जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये भरला. पहिल्या दिवशी कॅप्सूल आठ मिनिटांत फुटली. ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत तीन महिने ठेवल्यावर त्याच कॅप्सूल अर्ध्या तासातही फुटत नाहीत. चाचणीच्या जाळीवर रबरासारखी पिशवी फुगून बसते, आत अर्क तसाच. गंमत अशी की आतल्या निर्देशक घटकाचे, म्हणजे अर्काची खूण म्हणून मोजतात त्या रेणूचे, प्रमाण ९७ टक्के शिल्लक आहे. मार्गदर्शकांचे म्हणणे असे की प्रमाण टिकले आहे, तेव्हा ‘स्थिर’ असे लिहावे आणि पुढे जावे. मला ते पटत नाही, पण नेमके काय बिघडले हेही सांगता येत नाही.


खलबत्ता

आपल्याला पटत नाही ते बरोबर आहे. जी कॅप्सूल उघडतच नाही तिच्यात औषध ९७ टक्के असले काय आणि शंभर टक्के असले काय, रुग्णाला सारखेच.

बिघडले ते कॅप्सूलचे कवच. टॅनिन आणि जिलेटिन यांचे जुने नाते आहे. कातडे कमावतात ते याच क्रियेने. जिलेटिन हे मुळात कातड्यातल्या आणि हाडांतल्या कोलॅजेनपासूनच बनते. उष्णता आणि दमटपणा मिळाल्यावर आपल्या अर्कातल्या टॅनिनने कवचाच्या आतल्या बाजूला तेच केले : न विरघळणारा पापुद्रा तयार झाला. जाळीवर दिसलेली रबरी पिशवी म्हणजे थोडक्यात कमावलेले कातडे. खात्री करायची असेल तर चाचणीच्या आम्लधर्मी द्रवात पेप्सिन घालून पाहा. जिलेटिनच्या साखळ्या आपापसांत जोडल्या गेल्याचा संशय असतो तेव्हा औषधकोशही विकर घालून विरघळण्याची चाचणी पुन्हा करू देतो.

उपाय म्हणून आधी कवच बदला. एचपीएमसी, म्हणजे सेल्युलोजपासून बनवलेले कवच घ्या. त्यात प्रथिन नसल्यामुळे टॅनिनला बांधायला काही सापडत नाही. एचपीएमसीची कवचे उघडायला थोडा उशीर लावतात, तेव्हा पहिल्या काही मिनिटांत घाबरू नका. अर्क चिकट होण्याबद्दल सांगायचे तर तो वाळवतानाच माल्टोडेक्स्ट्रिन मिसळून फवाऱ्याने वाळवा, नंतर कोलॉइडल सिलिका एक-दोन टक्के घाला, आणि कॅप्सूल भरण्याच्या खोलीतली आर्द्रता मोजून वहीत लिहा. बहुतेक वह्यांत तापमान असते, आर्द्रता नसते. मीही सुरुवातीला लिहीत नसे. एका पावसाळ्यात अख्खा घाणा यंत्राच्या पंचांना चिकटून बसला आणि दोन दिवस तो खरवडण्यात गेले, तेव्हापासून लिहितो.


शंकेखोर

प्रयोगवही यांना एक प्रश्न. तुमचा निर्देशक घटक गुणकारीही आहे का, की केवळ मोजायला सोपा म्हणून निवडला आहे? दोन्ही एकच असतील असे नाही. निर्देशक ९७ टक्के शिल्लक आणि काम करणारा घटक अर्धा गेला, असेही होऊ शकते. शिवाय निर्देशकच मोजतात हे माहीत असल्याने कमअस्सल मालात तेवढाच शुद्ध घटक बाहेरून मिसळणारे महाभाग असतात. म्हणून आलेखातल्या एका घटकाच्या शिखराकडे न पाहता एचपीटीएलसीच्या, म्हणजे अर्कातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या चाचणीच्या, पट्टीवरचे सगळे ठसे ताळून पाहावेत.


पानाफुलांत

आणि साल कोणत्या महिन्यात, किती वयाच्या झाडाची काढली हेही लिहावे. टॅनिनचे प्रमाण त्यानुसार बदलते. पुढच्या खेपेच्या सालीत ते वेगळे निघाले तर कॅप्सूलचे सगळे गणित पुन्हा मांडावे लागेल.


प्रयोगवही

सर्वांचे आभार. मधल्या काळात झालेले काम कळवते.

पेप्सिन घातल्यावर त्या रबरी पिशव्या वीस मिनिटांच्या आत फाटल्या, म्हणजे निदान बरोबर होते. एचपीएमसीच्या कॅप्सूल दोन महिन्यांनंतरही बारा ते चौदा मिनिटांत उघडत आहेत. तिसऱ्या महिन्याचे नमुने अजून पेटीत आहेत. माल्टोडेक्स्ट्रिनने अर्क सुटसुटीत झाला, पण त्याचे वजन वाढल्यामुळे मात्रेचा प्रश्न बिकट झाला. धाग्यातले ६.२ चे गणित माझ्या आकड्यांवर केले तेव्हा दिवसाला चौदा कॅप्सूल निघाल्या.

शंकेखोरांच्या प्रश्नाचे उत्तर ‘माहीत नाही’ असे होते, म्हणून अर्काचे चार विद्रावकांत भाग पाडले. निर्देशक घटक जवळजवळ सगळा पाण्याच्या भागात गेला आणि परिणाम मात्र एथिल ॲसिटेटच्या भागात सापडला. म्हणजे दीड वर्ष मी चुकीचे शिखर मोजत होते. एथिल ॲसिटेटचा भाग मूळ अर्काच्या नऊ टक्केच आहे आणि त्यात टॅनिनही बरेच कमी आहे, त्यामुळे मात्रा दोन कॅप्सूलपर्यंत खाली येण्याची आशा वाटते. मात्र तो पाण्यात विरघळत नाही, आणि आता प्रश्न तिथे आला आहे. फॉस्फोलिपिडशी बांधायचे की आधी तेलाच्या कॅप्सूलमध्ये पाहायचे, यावर खलबत्ता आणि कषाय या दोघांचेही मत हवे आहे. हर्बेरियमचा क्रमांक मिळाला आहे. साल पौष महिन्यात काढलेली होती, झाडाचे वय मात्र कोणी लिहून ठेवलेले नाही.


कषाय

आधी तेल पाहा. सोपे आहे, आणि तुलनेला एक बाजू तयार राहील. तिळाचे तेल घेतल्यास माझ्याकडच्या सिद्ध तैलाच्या कृतीतले प्रमाण कळवतो. कल्क (वाटलेली वनस्पती), तेल आणि द्रव हे एकास चार आणि सोळा.


खलबत्ता

सहमत आहे. तेलातली विद्राव्यता मात्र आधी मोजा : तिळाचे तेल, मध्यम साखळीच्या मेदाम्लांचे तेल आणि ओलिक आम्ल, तिन्हींत जास्तीचा अर्क घालून दोन दिवस ३७ अंशांना हलवत ठेवा, गाळा आणि गाळलेल्या तेलात किती उतरले ते मोजा. यावेळी योग्य शिखर.